लहानपणी एका खोलीत किती जण झोपायचात?

ताईच्या हातात तो फॉर्म आला तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते. दोन वर्षं तिला पोटाचा त्रास होता. चार घास खाल्ले की पोट डब्ब व्हायचं, छातीच्या खाली, बरगड्या जिथे मिळतात तिथे दिवसभर बारीक कळ असायची आणि रात्री आडवं झालं की करपट ढेकर. पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. घेतल्या की बरं, सोडल्या की पुन्हा तेच. शेवटी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघायची तपासणी, करायचं ठरलं. त्याआधी दोन आठवडे गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या. ते दोन आठवडे तिनं कसेबसे काढले आणि तपासणीच्या दिवशी हा कागद समोर आला. सिगारेट ओढता का? दारू घेता का? तंबाखू खाता का? बाहेरचं किती वेळा खाता? जेवणाआधी हात धुता का? प्यायचं पाणी कुठलं? ताईनं एकेक उत्तर विचार करून लिहिलं. व्यसन नाही, बाहेरचं खाणं जवळजवळ नाही, हात धुते, पाणी उकळून पिते. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

जठराच्या अस्तराचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काढून तो पिवळ्या जेलच्या एका छोट्या खाचेत ठेवला गेला. तासाभरानं तिथल्या तंत्रज्ञानं ती पट्टी आम्हाला दाखवली. तुकड्याभोवतीचा पिवळा रंग गुलाबी झाला होता. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठरात मुक्कामाला आहे, असा त्याचा अर्थ. ताईचा चेहरा पडला. "पण मी सगळं पाळते हो डॉक्टर," ती म्हणाली. "मग मला हे कुठून झालं?" डॉक्टर सज्जन होते, पण बाहेर रांग होती. "खाण्यापिण्यातून कुठूनही होऊ शकतं," असं म्हणून त्यांनी औषधं लिहून दिली.

ताईच्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुधा पन्नास वर्षांपूर्वीचं होतं. आम्ही सहा भावंडं एका खोलीत, एका ओळीत, एकाच अंथरुणावर झोपायचो. पाणी भरून ठेवायला एकच मोठं भांडं होतं आणि त्यात बुडवायला एकच पेला. एकाला उलट्या सुरू झाल्या की एक-दोन दिवसांत आणखी दोघं अंथरुणाला खिळायची. फॉर्मवर यातलं काहीही विचारलेलं नव्हतं. त्या कागदाला ताईच्या आजच्या सवयी जाणून घ्यायच्या होत्या, आणि ताईच्या जठरातला जिवाणू आजचा नव्हता.

अपचनाच्या रुग्णांमध्ये या संसर्गाला कारणीभूत ठरणारे जोखमीचे घटक कोणते, यावर जगभर अभ्यास होतात आणि त्यांच्या याद्या छापून येतात. त्या याद्या आपण उलट्या टोकानं वाचतो, असं माझं स्पष्ट मत आहे. रुग्णाच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून त्या वाचल्या जातात. खरं तर त्या माणसाच्या लहानपणी समाजानं त्याला कसलं घर आणि कसलं पाणी दिलं, याचा तो हिशेब असतो. वाचण्यातली ही चूक माणसाच्या मनावर, औषधोपचारावर आणि सार्वजनिक पैसा कुठे जातो त्यावर, सगळीकडे परिणाम करते.

आधी या जिवाणूविषयी थोडं सांगायला हवं. जठरातल्या तीव्र आम्लात काहीच जगू शकत नाही, अशी वैद्यकाची अनेक दशकं पक्की समजूत होती. अल्सर होतो तो चिंतेनं, तिखटानं, जागरणानं, म्हणजे पुन्हा रुग्णाच्याच वागण्यानं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन या विकृतिशास्त्रज्ञाला 1979 साली जठराच्या तुकड्यांवर वळणदार जिवाणू दिसू लागले. पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याच्याबरोबर कामाला लागला. दोघं तो जिवाणू प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते, पण काही उगवत नव्हतं, कारण दोन दिवसांत काही दिसलं नाही की जिवाणू वाढवायच्या बशा टाकून देण्याची पद्धत होती. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहिल्या आणि त्यात जिवाणूंचे पुंजके उगवले. हा जिवाणू सावकाश वाढणारा होता, एवढंच. लोकांना पटेना, म्हणून 1984 मध्ये मार्शलनं स्वतः तो द्रव पिऊन दाखवला. काही दिवसांत त्याला मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि एंडोस्कोपीत जठराला सूज आलेली दिसली. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. मधल्या काळात, 1994 साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या जिवाणूला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात टाकलं.

तो आम्लात जगतो कसा, हे एकदा समजलं की पट्टीचा गुलाबी रंगही समजतो. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर असतं. जठरात असलेल्या युरियापासून ते अमोनिया तयार करतं, आणि अमोनिया भोवतालचं आम्ल मारतो. स्वतःभोवती असं एक सुरक्षित कवच करून घेत तो शेपटीसारख्या तंतूंच्या जोरावर श्लेष्माच्या थरात शिरतो आणि अस्तराला चिकटून बसतो. पट्टीवरच्या जेलमध्ये युरिया असतो. तुकड्यात जिवाणू असेल तर तिथेही अमोनिया होतो आणि रंग बदलतो. एकदा ठाण मांडलं की औषधाशिवाय तो सहसा जात नाही, वर्षानुवर्षं, बहुतेकदा जन्मभर राहतो. मोठेपणी सापडलेला संसर्ग मोठेपणी झाला असं धरून चालता येत नाही, ते यामुळेच.

तो शिरतो बहुतांशी लहानपणी, शाळेत जायच्या आधी किंवा शाळेच्या पहिल्या काही वर्षांत. माणसाकडूनच माणसाकडे येतो: लाळेतून, उलटीतून, विष्ठेतून, आणि काही ठिकाणी दूषित पाण्यातून. आईला संसर्ग असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 1992 मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढ माणसांना त्यांच्या लहानपणच्या घराविषयी विचारलं होतं. घरात गर्दी किती होती, अंथरूण कुणाबरोबर वाटून घ्यायचात, घरात गरम पाण्याची सोय होती का. या तीन गोष्टी त्यांच्या आजच्या संसर्गाशी जोडलेल्या निघाल्या. मला तो अभ्यास विलक्षण वाटतो तो त्यातल्या प्रश्नांमुळे. विचारणाऱ्यांनी माणसाला त्याच्या सवयी न विचारता त्याचं घर विचारलं.

आता नेहमीच्या याद्यांकडे येऊ. त्यात हमखास पहिला येतो तो घटक म्हणजे वय. जितकं वय जास्त तितका संसर्ग जास्त. हे वाचून कुणालाही वाटेल की म्हातारपणी जठर दुबळं होतं आणि जिवाणू शिरतो. तसं नाही. आज सत्तरीत असलेली माणसं ज्या काळात लहान होती, त्या काळात घरं दाटीची होती, पाणी असुरक्षित होतं. आज विशीत असलेली मुलं वेगळ्या काळात वाढली. म्हणजे आकडा वयाचा दिसतो, पण बोलत असतं ते जन्मसाल. जपानमध्ये हे फार ठळक दिसतं. तिथे जुन्या पिढीत संसर्ग मोठ्या प्रमाणावर आहे आणि नव्या पिढीत तो झपाट्यानं ओसरला आहे. या काळात बदलली ती घरं आणि पाणी. शिक्षण आणि उत्पन्न या घटकांचंही असंच आहे. कमी शिकलेल्यांत संसर्ग जास्त सापडतो, पण पुस्तकं वाचल्यानं जिवाणू जात नाही. ज्या घरात मुलाला फार शिकवणं परवडलं नाही, त्या घरात खोल्याही कमी होत्या.

हात धुण्याच्या प्रश्नाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हात धुवायलाच हवेत, त्याविषयी वाद नाही. पण पांढरा कोट घातलेल्या माणसानं "हात धुता का?" असं विचारल्यावर "नाही" म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शिवाय आज साबणानं हात धुणारा माणूस चार वर्षांचा असताना त्याच्या घरात नळ होता का, हे त्या उत्तरातून कळत नाही. सिगारेट आणि दारूबाबत तर अभ्यासांत एकवाक्यताच नाही. काहींत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही, काहींत उलटाच दिसतो. सिगारेटनं अल्सर भरून यायला उशीर होतो आणि जिवाणूवरचे उपचार फसण्याची शक्यता वाढते, ही वेगळी आणि महत्त्वाची गोष्ट आहे. ती सोडायला सांगावीच. पण ती सोडायला सांगताना "यामुळेच तुम्हाला हा जंतू झाला" असं म्हणू नये, कारण ते सिद्ध झालेलं नाही.

आणखी एक गफलत आहे, जी मला सर्वांत गंभीर वाटते. हे अभ्यास अपचन घेऊन दवाखान्यात आलेल्यांवर होतात, आणि असा माणूस तिथे पोचेपर्यंत महिनोन् महिने आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या खाऊन आलेला असतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्यांनी जिवाणू दबून जातो, कमी होतो, जठरातली जागा बदलतो. श्वासाची, शौचाची किंवा तुकड्याची तपासणी मग खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ हे पोटाचं औषध चार आठवडे बंद ठेवून तपासणी करावी, असा नियम आहे. जिथे तो पाळला जात नाही तिथे संसर्ग असलेली माणसं "संसर्ग नसलेल्यां"च्या खान्यात जातात, आणि त्या खान्यांवरून काढलेली जोखमीच्या घटकांची यादी मुळातच कलते. रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीरानं बनवलेली अँटिबॉडी, तपासली तर गोळ्यांचा अडथळा येत नाही, पण ती तपासणी जुना, बरा झालेला संसर्ग आणि आजचा संसर्ग यातला फरक सांगू शकत नाही.

आणि अशा अभ्यासात संसर्ग असलेले आणि नसलेले, दोघांनाही अपचन असतंच. तेव्हा त्यातून निघालेले घटक हे संसर्गाचे असतात, अपचनाचे नव्हेत. एखाद्या पदार्थानं कुणाला जळजळ होत असेल तर त्यानं तो टाळावा. त्या पदार्थानं जिवाणू येत नाही आणि तो टाळल्यानं जातही नाही. बातमीच्या मथळ्यात हा फरक पार पुसला जातो आणि घराघरांत पथ्यांची नवी भिंत उभी राहते.

या सगळ्याचा भार शेवटी कुणावर पडतो ते मी ताईच्या बाबतीत पाहिलं. घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातली सगळी भांडी उकळत्या पाण्यात टाकली. आपल्याकडूनच काहीतरी अस्वच्छपणा झाला, या विचारानं ती दोन दिवस नीट जेवली नाही. जेवढं हात धुणं माणसाला शक्य आहे तेवढं ती तीस वर्षं करत आली होती. पाच वर्षांच्या मुलीनं कुणाच्या शेजारी झोपायचं, हे ती मुलगी ठरवत नसते.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील, आणि त्यात तथ्य आहे. पहिला म्हणजे, मोठ्या माणसालाही संसर्ग होतो. मार्शलनंच ते स्वतःवर दाखवलं. नीट निर्जंतुक न केलेल्या एंडोस्कोपच्या नळीतूनही तो पसरल्याचं नोंदलेलं आहे. मान्य. पण स्वच्छ पाणी आणि ऐसपैस घरं असलेल्या देशांत, यशस्वी उपचारानंतर मोठ्या माणसाला पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात एक-दोन किंवा त्याहूनही कमी असतं. जिथे परिस्थिती वाईट, तिथे ते जास्त. म्हणजे मोठेपणीचा संसर्गसुद्धा पुन्हा घराकडे आणि पाण्याकडेच बोट दाखवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जगातली साधारण निम्मी माणसं हा जिवाणू पोटात बाळगून जगतात आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. अपचनाच्या रुग्णांतसुद्धा, एंडोस्कोपीत अल्सर वगैरे काही सापडलं नाही, तर जिवाणू काढून टाकल्यावर लक्षणं जाणं हे साधारण चौदा जणांमागे एकाच्या वाट्याला येतं. मग एवढा आटापिटा कशासाठी? हा हिशेब रुग्णाला उपचाराआधीच सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं. चौदा दिवस चार-चार औषधं घेऊन, तोंडाची चव जाऊन, पोट ढवळून निघाल्यावर जळजळ तशीच राहिली, तर माणसाचा डॉक्टरवरचा विश्वास उडतो. पण उपचाराचं कारण फक्त जळजळ नाही. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला किंवा थोड्या जास्त लोकांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो, आणि शंभरातल्या एक ते तिघांना जठराचा कर्करोग. जठराच्या वरच्या तोंडापाशी होणारा कर्करोग सोडला, तर बाकीच्या जठर-कर्करोगांपैकी दहातले जवळजवळ नऊ या जिवाणूशी जोडलेले आहेत. जपाननं फेब्रुवारी 2013 पासून, अल्सर नसला तरी या जिवाणूमुळे आलेल्या जठरदाहावरचे उपचार सरकारी आरोग्य विम्यात घेतले. तैवानच्या मात्सू बेटांवर 2004 पासून तीस वर्षांवरच्या सगळ्या लोकांची तपासणी करून जिवाणू काढून टाकण्याचं काम झालं, आणि तिथला जठराचा कर्करोग निम्म्यावर आला. तिथे कुणाला फॉर्मवर सिगारेटचा प्रश्न विचारून बाजूला काढलं नाही. सगळ्यांना तपासलं.

तिसरी चिंता अँटिबायोटिकची. क्लॅरिथ्रोमायसिन हे या उपचारातलं नेहमीचं औषध जगाच्या मोठ्या भागात आता हमखास चालत नाही. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवी औषधं तातडीनं हवीत अशा जिवाणूंची यादी केली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा पायलोरी त्यात वरच्या गटात होता. म्हणून दिसेल त्याला गोळ्या वाटा, असं मी म्हणत नाही. ज्याला द्यायच्या त्याला पुऱ्या मुदतीच्या द्या, स्थानिक जंतू कशाला दाद देतात ते पाहून द्या, आणि चार आठवड्यांनी किंवा नंतर श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेला की नाही ते बघा. ही शेवटची तपासणी सर्रास राहून जाते. माणूस बरा वाटला की येत नाही, आणि त्याला बोलावणारंही कुणी नसतं. अर्धवट मेलेला, औषधाला निर्ढावलेला जिवाणू मग त्याच घरात राहतो.

वजन घटत असेल, घास अडकत असेल, शौच काळं होत असेल, रक्त कमी झालं असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा साठीनंतर अपचन पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर फॉर्म आणि गोळ्या बाजूला ठेवून सरळ एंडोस्कोपी करावी. बाकीच्यांसाठी, आम्ल कमी करणाऱ्या गोळीची दुसरी-तिसरी पट्टी उघडण्याआधी एकदा श्वासाची किंवा शौचाची तपासणी व्हायला हवी. दोन्हींत नळी घालावी लागत नाही. श्वासाच्या तपासणीत खास कार्बन असलेला युरिया प्यायचा आणि थोड्या वेळानं एका पिशवीत फुंकायचं, इतकंच.

फॉर्मही बदलायला हवा. सिगारेट-दारूचे प्रश्न राहू देत, उपचारासाठी ते लागतात. पण त्यांच्या आधी विचारा: लहानपणी एका खोलीत किती जण झोपायचात? अंथरूण एकच होतं का? पाणी कुठून यायचं? घरात कुणाला अल्सर किंवा जठराचा कर्करोग झाला होता का? आज घरात कोण कोण आहे, लहान मूल आहे का? शेवटचे दोन प्रश्न तर उपयोगाचे आहेतच, कारण एक माणूस पॉझिटिव्ह निघाला की त्याच्याबरोबर वाढलेल्या आणि आज त्याच्याबरोबर राहणाऱ्या प्रौढांचीही तपासणी व्हायला हवी. आपण रुग्ण मोजतो. हा जिवाणू मात्र घरं मोजत पसरतो.

आणि या नव्या फॉर्मवरची उत्तरं एकत्र करून आरोग्य खात्यात ठेवून भागणार नाही. ज्या वस्त्यांतून संसर्ग झालेली माणसं मोठ्या संख्येनं येतात, तिथे आज चार वर्षांची मुलं राहत आहेत. त्यांच्यासाठी लस नाही. जे आहे ते पाइपातलं शुद्ध पाणी, झाकलेली गटारं, मुलाला स्वतःचं अंथरूण मिळेल एवढी जागा. हा खर्च घरबांधणी आणि पाणीपुरवठ्याच्या खात्यात लिहिला जातो, त्यामुळे तो कर्करोग टाळण्याचा खर्च आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. त्याचं फळ दिसायला चाळीस वर्षं लागतात, हे खरं. जपाननं ते थांबून पाहिलं आहे.

ताईचे उपचार संपल्यावर सहा आठवड्यांनी तिची श्वासाची तपासणी निगेटिव्ह आली. पोट डब्ब होणं बरंच कमी झालं, करपट ढेकर अधूनमधून अजून येतात. तिनं मग एकेका भावंडाला फोन केला आणि तपासणी करून घ्या म्हणून मागे लागली. दोघांनी ऐकलं, दोघांनी "मला कुठे काय होतंय" म्हणून टाळलं. मलाही पोटाचा त्रास कधी झालेला नव्हता. लहानपणी मी ताईच्या उजव्या हाताला झोपायचे. माझी तपासणी पॉझिटिव्ह आली.